एका गाडीची बॉडी, दुसऱ्या गाडीची चासी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीचं रूप ठेवायचं, पण खाली इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन नव्या गाडीचं हवं, आणि हे सगळं घरच्या शेडमध्ये करायचं. जुन्या गाड्यांवर लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि पद्मिनीचं नाव या प्रश्नांत अजूनच वाढलं. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. घाई असेल तर २, ३ आणि ५ वाचा. बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो.

१. बॉडी स्वॅप म्हणजे नेमकं काय? इंजिन बदलणं आणि हे एकच का?

एकच नाही. इंजिन बदललं तरी गाडी तीच राहते. बॉडी स्वॅपमध्ये एका गाडीची केबिन, दारं, मडगार्ड, बॉनेट असा सगळा पत्रा उचलून दुसऱ्या गाडीच्या चालत्या चासीवर बसवतात. चालती चासी म्हणजे फ्रेम, दोन्ही अ‍ॅक्सल, सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन आणि गिअरबॉक्स, सगळं जागच्या जागी.

लोक याच्या मोहात पडतात त्याला सबळ कारण आहे. जुन्या गाडीला डिस्क ब्रेक लावा, मग पॉवर स्टिअरिंग, मग पाच गिअरचा बॉक्स, असं एकेक करत गेलं की प्रत्येक वस्तू दुसरीशी भांडते. चालत्या चासीत या सगळ्या गोष्टी कारखान्यातच एकमेकींशी जुळवलेल्या मिळतात. मात्र जुळवाजुळवीचं काम संपत नाही, ते फक्त पत्रा आणि फ्रेम जिथे भेटतात तिथे सरकतं.

२. माझ्या गाडीला चासी आहे की नाही हे कसं ओळखायचं?

गाडी घोड्यांवर (पोलादी स्टँडवर) घ्या आणि खाली झोपून बघा. पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत दोन जाड पोलादी चॅनेल सलग धावत असतील, त्यांना आडवे मेंबर जोडलेले असतील आणि बॉडी त्यांच्यावर रबर घालून बोल्टांनी बसवलेली असेल, तर ती स्वतंत्र चासीची गाडी. जीप, जिप्सी, बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो आणि झाडून सगळे ट्रक यात येतात.

खाली नुसताच दाबून आकार दिलेला पत्रा दिसला तर ती मोनोकॉक. तिथे बॉडी हीच चासी. मारुती ८०० पासून आजच्या जवळजवळ सगळ्या हॅचबॅक आणि सेडान अशाच आहेत. अँबॅसिडरचं नाव घेतलं की लोक हुज्जत घालतात: 'एवढी दणकट गाडी, तिला चासी नसेल कशी?' नाही. अँबॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, आणि ती मोनोकॉक आहे. पद्मिनी म्हणजे फियाट ११००, तिचं १९५३ पासूनचं रूप मोनोकॉकच. काँटेसाही तशीच.

आपल्याकडच्या जुन्या मोटारींत ठळक अपवाद म्हणजे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड. जगभर मोनोकॉकचा बोलबाला सुरू असताना हेराल्ड वेगळ्या चासीवर आली, आणि तिची बॉडीही तुकड्यातुकड्यांनी बोल्ट केलेली. फोक्सवॅगन बीटल मधल्या वर्गातली: खाली मधोमध कणा असलेला सपाट फ्लोअरपॅन आणि त्यावर कडेकडेने बोल्ट केलेली बॉडी.

३. घरात आजोबांची पद्मिनी पडून आहे आणि एक जिप्सी स्वस्तात मिळतेय. दोघींचा व्हीलबेस जवळजवळ सारखा आहे. बसेल ना?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आकडे खरंच मोह पाडतात. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर. पद्मिनीचा २३४० मिमी, जिप्सीचा २३७५. फरक फक्त ३५ मिमी. तेवढ्यावर लोक जिप्सीचा इसार देऊन मोकळे होतात.

आता बाकीचं बघा. पद्मिनी मोनोकॉक, म्हणजे तिचा फ्लोअर, सिल (दारांखालची पत्र्याची पेटी) आणि बोगदा (फ्लोअरच्या मधोमधचा उंचवटा) मिळूनच तिची ताकद बनते. जिप्सीची फ्रेम आत घ्यायची तर नेमका तोच भाग कापावा लागतो. कापल्यावर हातात उरतो तो दारांच्या वजनानेही वाकणारा पत्रा. नाही कापला तर अख्खी पद्मिनी जिप्सीच्या फ्रेमवर चढून बसते. जिप्सीला पुढेमागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे, त्यामुळे तिची फ्रेम मुळातच उंच. वर २०५/७० आर १५ चा टायर जवळपास ६७ सेंमी उंचीचा. पद्मिनीच्या मडगार्डात तो मावत नाही, वळवला तर पत्र्याला घासतो. शिवाय जिप्सीचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) पुढे १३०० आणि मागे १३१० मिमी, पद्मिनीपेक्षा बराच रुंद, त्यामुळे चाकं बाहेर डोकावतात.

तेव्हा हे अशक्य नाही, पण त्याला स्वॅप म्हणता येणार नाही. नवीन फ्लोअर, नवे सिल, आतून नळ्यांचा सांगाडा आणि फुगवलेले मडगार्ड करायचे म्हणजे पद्मिनीच्या आकाराची वेगळीच गाडी बांधायची. तेवढ्या श्रमात आणि पैशांत मूळ पद्मिनीचं इंजिन, ब्रेक आणि बुश नव्यासारखे होतात. आजोबांची गाडी असेल तर माझं मत उघड आहे: तिला ग्राइंडर लावू नका.

४. मग कुठल्या जोड्या जमतात?

दोन्ही बाजूंना स्वतंत्र चासी असेल तर गोष्ट जमण्यासारखी असते. कॅब आणि हौदा वेगळा असेल तर आणखी सोपी.

अमेरिकेतली गाजलेली जोडी पाहा. १९४७ ते १९५४ च्या शेव्हर्ले अर्ध्या टनी पिकअपची कॅब शेव्हर्ले एस-१० या छोट्या पिकअपच्या चासीवर बसवतात. जुन्या ट्रकचा व्हीलबेस ११६ इंच, लांब हौद्याच्या एस-१० चा ११७.९. जवळपास दोन इंचांचा फरक कॅब आणि हौद्यामधल्या फटीत किंवा मागच्या मडगार्डात जिरवता येतो. एस-१० १९८२ ते २००४ अशी बावीस वर्षं विकली गेली, त्यामुळे भंगारात मुबलक. तयार ब्रॅकेटचे संचही बाजारात मिळतात. अख्ख्या सेडानमध्ये ही सवलत नसते, कारण दोन्ही चाकांच्या कमानी एकाच पत्र्यात पक्क्या असतात.

बीटलची कथा निराळी. ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात फायबरग्लासची पहिली डून बग्गी बांधली. पुढे विक्रीला आलेली मायर्स मँक्स बीटलच्या फ्लोअरपॅनवर बसायची, त्यासाठी पॅन एक फुटाहून जास्त कापून आखूड करावा लागे. कापलेला जोड कसा असावा याचे धडे पुढच्या पिढ्यांनी तिथेच गिरवले.

आपल्याकडे जीपच्या घराण्यातच अदलाबदल सोपी. हेराल्ड आणि जिप्सी कागदावर बरी दिसते: २३२४ विरुद्ध २३७५ मिमी, म्हणजे ५१ मिमीचा फरक. पण हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि त्याच्या बिजागऱ्या थेट चासीवर असतात, त्या नव्याने बनवाव्या लागतात. आणि हेराल्ड आता इतक्या कमी उरल्या आहेत की धड असलेली हेराल्ड या कामाला वापरू नये, असं मला वाटतं.

५. भारतात हे कायदेशीर आहे का? आरटीओतला एजंट म्हणतो, होऊन जाईल.

रस्त्यावर चालवायची असेल तर घरगुती बॉडी स्वॅपला व्यवहारात वाट नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील आणि उत्पादकाने दिलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. गाडीच्या रचनेत असा बदल की तिचं मूळ स्वरूपच बदलतं, अशी 'बदल' या शब्दाची व्याख्या कायद्यात आहे. बॉडी स्वॅप त्या व्याख्येत अगदी मधोमध बसतो. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं: राज्याचे नियम काहीही म्हणोत, उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का देणारा बदल चालणार नाही.

शिक्षा कलम १८२अ च्या पोटकलम ४ मध्ये आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा.

मोकळीक आहे ती ठरावीक गोष्टींना: मान्यताप्राप्त सीएनजी किट, परवानगी घेऊन त्याच जातीचं इंजिन, नोंद करून बदललेला रंग. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन तपासणी संस्था आहे, तिच्याकडून पास करून घेऊ, असंही काहीजण सुचवतात. एआरएआय गाड्या तपासते हे खरं, पण ती तपासणी उत्पादकाच्या नमुन्याची असते. शेडमधल्या एकुलत्या एका गाडीसाठी ती सोय नाही.

एजंटचं 'होऊन जाईल' म्हणजे बहुतेकदा चासीवाल्या गाडीची जुनी आरसी तशीच वापरत राहणं. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो चासी नंबरचा काढतो, दुसरा पूर्ण गाडीचा. दोन्ही एकमेकांशी जुळले नाहीत की दाव्याचं काय होतं हे सांगायला नको.

६. एस.टी.च्या बस नुसत्या चासीवरच बांधतात. हायवेवर उघड्या चासीवर बसलेला ड्रायव्हर आपण बघतो. मग मलाच का मनाई?

प्रश्न रास्त आहे. एस.टी. महामंडळ दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत स्वतः बॉड्या बांधत आलं आहे. पण ती चासी कंपनी 'बॉडी नंतर बांधायची' असं गृहीत धरूनच विकते. फॉर्म २२-अ मध्ये एक भाग चासीवाला भरतो, दुसरा बॉडी बांधणारा. बॉडी बांधणाऱ्यासाठी एआयएस-०५२ ही बस बॉडी संहिता आहे: दरवाजे, संकटकाळी बाहेर पडायच्या वाटा, सांगाड्याची ताकद, सगळं लिहिलेलं. आणि हे सगळं पहिल्या नोंदणीच्या आधी होतं. तुमची जिप्सी मात्र जिप्सी म्हणून एकदा नोंदलेली आहे.

७. रस्त्यावर आणणारच नाही. फक्त शेतावर आणि फार्महाउसवर चालवेन. मग तर हरकत नाही ना?

लोकांना वाटतं तितकं हे सरळ नाही. कलम ३९ मध्ये नोंदणीशिवाय गाडी चालवायला मनाई करताना 'सार्वजनिक ठिकाणी' एवढंच म्हटलेलं नाही, 'किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' असंही म्हटलं आहे. स्वतःच्या बांधावर कुणी पकडायला येत नाही ही गोष्ट वेगळी. पण शेतावर जाताना मधला गावरस्ता ओलांडलात, किंवा हौसेने बसलेल्या पाहुण्याला दुखापत झाली, तर 'खासगी जागा' हे उत्तर पुरणार नाही. अशी गाडी ट्रेलरवर टाकूनच हलवा आणि तिच्यात दुसऱ्याच्या पोरांना बसवू नका.

८. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे. व्हिंटेजमध्ये नोंदवली तर?

उलट तिथे तर अजिबात नाही. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तुमच्या गाडीला आज ही पात्रता असेल तर स्वॅप केल्यावर ती जाते.

९. मी परदेशात राहतो. तिकडे काय नियम?

ब्रिटनमध्ये अनेक वर्षं डीव्हीएलएची (तिथल्या वाहन नोंदणी खात्याची) गुणपद्धती चालत आली: चासी ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. आठ गुण मूळ गाडीचे राखले तर मूळ नंबर टिकायचा. नाहीतर आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची वेगळी मान्यता तपासणी, आणि मूळ ओळख न उरलेल्या गाडीची क्यू अक्षराची प्लेट. गंमत बघा, स्वतंत्र बॉडीला या यादीत एकही गुण नाही. गाडीची ओळख चासीबरोबर जाते. न कापलेल्या हेराल्ड चासीवर तिथे इतक्या किट कार झाल्या त्यामागे हा हिशोब होता. २०२५ मध्ये या नियमांत बदल झाले, तेव्हा काम सुरू करण्याआधी डीव्हीएलएची ताजी पत्रकं वाचा.

अमेरिकेत राज्यागणिक कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेल्या गाड्यांना धूर तपासणीत एक खास सवलत आहे, पण ती वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांनाच. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) पट्टीबद्दल प्रश्न १७ पाहा, तिथला नियम देशभर एकच आहे.

१०. कापाकापीआधी काय काय मोजायचं?

या कामाचा सगळा दर्जा इथे ठरतो. व्हीलबेस हे फक्त पहिलं माप.

सपाट कोबा शोधा. लाद्यांचा उतार असेल तर घोड्यांखाली पॅकिंग घालून चासी पातळीत आणा. पाणपातळीची पारदर्शक नळी इथे लेसरइतकीच काम देते. मग चासीच्या ठरलेल्या बिंदूंवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूच्या खुणा करा. डावीकडच्या पुढच्या बिंदूपासून उजवीकडच्या मागच्या बिंदूपर्यंत आणि उलट, असे दोन कर्ण मोजा. त्यांत काही मिलिमीटरहून जास्त फरक आला तर चासी आधीच कुठेतरी ठोकली गेली आहे. तिथेच थांबा. वाकड्या चासीवर कुठलीच बॉडी सरळ बसत नाही.

पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून फायरवॉलपर्यंतचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपर्यंतचं) अंतर हे माझ्या मते व्हीलबेसपेक्षाही महत्त्वाचं. इंजिन फायरवॉलमध्ये घुसणार की नाही, पॅडल कुठे येणार, स्टिअरिंगचा दांडा कुठून जाणार, हे सगळं त्या एका मापावर ठरतं. त्याशिवाय फ्रेमची रुंदी आणि तिचे चढउतार, बॉडीच्या सिलमधलं आतलं अंतर, दोन्ही ट्रॅक आणि टायरची पूर्ण उंची घ्या. बॉनेटखालची उंची एअर क्लीनरसकट मोजा. गाडी पूर्ण वजनावर उभी असतानाच मापं घ्या. इंजिन काढलेली चासी वर उचलली जाते आणि सगळी मापं खोटी ठरतात.

मग पुठ्ठ्याचे आणि प्लायचे साचे करा. दोन्ही गाड्यांची बाजूने दिसणारी आकृती एकाच प्रमाणात ट्रेसिंग कागदावर काढून एकावर एक ठेवा. चाकं कमानीच्या मधोमध येतात का ते तिथे दिसतं. कागदावर चाक कमानीच्या मधोमध येत नसेल तर पत्र्यातही येणार नाही.

११. बॉडी उचलताना वाकू नये म्हणून काय करावं?

एकही बोल्ट सोडण्याआधी दारं बंद करून चारी बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दाराच्या मोकळ्या चौकटीत चौकोनी नळ्यांचे आडवे आणि तिरके आधार टॅक मारा (वेल्डच्या छोट्या टाक्यांनी जोडा), डावी आणि उजवी बाजूही एकमेकींना जोडा. उघड्या छताच्या गाडीला हे दुपटीने करा, कारण छप्पर नसलेली बॉडी झाकण काढलेल्या चपलांच्या खोक्यासारखी पिळवटते. चेन पुलीने उचलताना पट्टे मूळच्या बॉडी माउंटांजवळ घ्या, छताला नको. नव्या जागी सगळे बोल्ट आवळून झाल्यावर, दारं पहिल्यासारखी लागतात हे पाहूनच आधार कापा.

१२. व्हीलबेसमध्ये मोठा फरक आहे. चासी कापून आखूड केली तर?

करणारे करतात. पण या यादीत घरी न करण्याचं एकच काम निवडायचं झालं तर मी हे निवडेन. करायचंच असेल तर फ्रेमच्या सरळ, एकसारख्या भागात काप घ्या. सस्पेन्शनच्या ब्रॅकेटजवळ किंवा जिथे फ्रेम वर वळते तिथे कधीच नको. उभा सरळ काप घेतला की सगळा ताण एका रेषेत येतो, म्हणून पायरीसारखा किंवा तिरका काप घेतात, आत स्लीव्ह सरकवतात आणि बाहेरून टोकं निमुळती केलेली पट्टी लावतात. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नका, आडवं वेल्डही मारू नका. वाकताना सर्वात जास्त ताण तिथेच येतो. फरक चार बोटांहून मोठा असेल तर चासी कापण्यापेक्षा दुसरी चासी शोधणं स्वस्त पडतं.

१३. आमचा वेल्डर म्हणतो, ब्रॅकेट-रबरची भानगड नको, बॉडी सरळ चासीला वेल्ड करू. मजबूत होईल.

त्याला चहा पाजा आणि काम दुसऱ्याला द्या. खड्ड्यात फ्रेम पिळवटते, पिळवटणं तिच्या कामाचाच भाग आहे. पत्रा तिच्याबरोबर पिळवटला की आधी दाराच्या कोपऱ्यात रंग तडकतो, मग पत्रा. रबर माउंट हा धक्का पितात. ब्रॅकेट फ्रेमच्या उभ्या बाजूला लावा, पत्र्याच्या बाजूला मोठी जाड प्लेट द्या, आणि बोल्टभोवती पोलादी नळीचा तुकडा घाला म्हणजे आवळताना रबर चुरडत नाही. जागा शक्यतो फायरवॉलखाली, मधल्या खांबाखाली आणि मागच्या सीटच्या मागे. जोड बोल्टचा, सुटा करता येणारा राहिला, तर पुढे प्रश्न १८ मध्ये त्याचा उपयोग होतो.

१४. स्टिअरिंग, ब्रेक आणि प्रोपेलर शाफ्टमध्ये काय सांभाळायचं?

स्टिअरिंगच्या दांड्याची दिशा बदलली की युनिव्हर्सल जॉइंट लागतात. एका जॉइंटचा कोन ३० अंशांच्या आत ठेवा, दोन जॉइंट एका फेजमध्ये बसवा आणि तीन जॉइंट झाले तर मध्ये आधाराचं बेअरिंग द्या. धडकेत दुमडणारा कॉलम चासीवाल्या गाडीत असेल तर तोच ठेवा. जुना सलग दांडा छातीत घुसतो.

ब्रेकचे पाइप कारखान्यासारखे डबल फ्लेअरने (पाइपचं टोक फुलवून दुहेरी दुमडून) जोडा. नळकामातले कॉम्प्रेशन जॉइंट ब्रेकच्या दाबाला टिकत नाहीत. जुनी बॉडी हलकी किंवा पुढे जड असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधली ब्रेकची वाटणी बिघडते, मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. म्हणून पूर्ण झालेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा तोला.

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली तर तो बॅलन्स करूनच घ्या. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि उलट दिशेचे हवेत. शून्य कोनही बरा नाही, कारण जॉइंटच्या सुया एकाच जागी बसून झिजतात.

१५. सगळं बसवलं, पण इंजिन कधी चालू होतं, कधी नाही. दिवे मंद, काटे नाचतात.

दहांतल्या नऊ वेळा अर्थिंग. रबर माउंटांमुळे बॉडी चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेली असते, आणि ती तशी असते हे लोक विसरतात. बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनला, इंजिनवरून चासीला आणि चासीवरून बॉडीला जाड पट्ट्या द्या, त्यांच्याखालचा रंग खरवडा. इंजिन इंजेक्शनचं असेल तर मूळ गाडीची पूर्ण वायरिंग, ईसीयू (इंजिनचा संगणक), इमोबिलायझर (चोरीरोधक कुलूप) आणि किल्ली असा संचच घ्या. वायरी मध्येच कापून जुळवायला बसलात तर त्यात आठवडे जातात.

१६. एअरबॅग आणि सीटबेल्ट नव्या गाडीतले वापरता येतील?

एअरबॅग नाही. तिचे सेन्सर आणि उघडायची वेळ मूळ बॉडी धडकेत कशी चुरते यावर ठरवलेली असते. वेगळ्या पत्र्यात ती उशिरा उघडेल, नको तेव्हा उघडेल, किंवा उघडणारच नाही. सीटबेल्ट मात्र हवेतच. नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला तर धडकेत तो पत्र्यासकट उपटून येतो, म्हणून मागून मोठी पोलादी प्लेट लावा. तरीही जुन्या बॉडीत पुढचा भाग आधी चुरून धक्का खाईल अशी रचना नसते. खाली नवी चासी आल्याने ती येत नाही.

वेल्डिंगचं इथेच सांगतो. जुना पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, होल्डर (कांडीच्या) वेल्डिंगने त्याला भोकं पडतात. मिग (गॅसच्या आवरणातलं तारेचं वेल्डिंग) घ्या, आणि सलग न ओढता अंतर राखून टाके घाला, नाहीतर पत्रा लाटेसारखा उठतो. पेट्रोलची टाकी आधी काढून शेडबाहेर न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत वाफ भरून राहते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा जस्ताचा धूर बंद खोलीत घेऊ नका.

१७. बॉडी माझ्या मोनोकॉक गाडीसारखीच, त्याच मॉडेलची, भंगारातून आणली. जुन्या सडलेल्या बॉडीवरचा नंबराचा तुकडा कापून तिच्यावर जोडला तर? गाडी तर तीच आहे.

तुमच्या दृष्टीने तीच, कायद्याच्या दृष्टीने नाही. मोनोकॉकमध्ये चासी नंबर बॉडीवरच ठोकलेला असतो, म्हणजे नंबर ज्या पत्र्यावर तीच गाडी. पत्र्याचा तुकडा कापून दुसरीकडे वेल्ड करणं ही चोरीच्या गाड्या खपवणाऱ्यांची जुनी पद्धत. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी आरसी नूतनीकरणाच्या वेळी इन्स्पेक्टरने नंबराचा पेन्सिल ट्रेस घेतला आणि भोवती वेल्डची कड दिसली, की गाडी पोलिसांकडे जाते. अमेरिकेतही व्हीआयएन काढणं किंवा त्यात फेरफार करणं हा संघराज्याचा गुन्हा आहे. सडलेले सिल, फ्लोअर, मडगार्ड त्याच मॉडेलच्या पत्र्याने बदलणं ही मात्र दुरुस्ती. ती बिनधास्त करा, नंबर असलेला भाग जागचा हलवू नका आणि बिलं व फोटो जपून ठेवा.

१८. काम अर्धं झालंय आणि आता कायद्याचं कळलं. मागे फिरता येईल?

बोल्टवर काम केलं असेल आणि फ्रेम कापली नसेल तर येईल. आरसीवर जी गाडी आहे, म्हणजे चासीवाली, तिची मूळ बॉडी भंगारात देऊ नका. ती परत चढवली की गाडी कागदाप्रमाणे होते. उतरवलेली जुनी बॉडी सुटे भाग म्हणून विकता येते. काच, बिजागऱ्या, दिव्यांच्या कड्या आणि डॅशबोर्ड शोधणारे लोक भरपूर आहेत. तिची स्वतःची आरसी अजून जिवंत असेल तर दोन मार्ग: ती गाडी तिच्याच रनिंग गिअरवर पुन्हा उभी करा, किंवा नोंदणी रीतसर रद्द करून घ्या.

१९. अशी तयार गाडी विकत मिळतेय. घेऊ का? मालक म्हणतो, कागद क्लिअर आहेत.

हरियाणात मंडी डबवालीला नव्या पत्र्यातून जीप बांधून देणारी वर्कशॉप प्रसिद्ध आहेत, आणि अशा गाड्या देशभर फिरतात. कागद खरे असू शकतात, ते वेगळ्या गाडीचे असतात एवढंच. आरसीवरचं मॉडेल, उत्पादन वर्ष, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार आणि इंजिन नंबर समोरच्या गाडीशी एकेक करून ताडून बघा. चासी नंबर स्वतः घासून ट्रेस घ्या, मालकाने दाखवलेल्या फोटोवर जाऊ नका. चाकं कमानीच्या मध्यात आहेत का, पुढची आणि मागची फट सारखी आहे का, दार लावताना उचलावं लागतं का ते बघा. मग खाली झोपून फ्रेमवर ताज्या काळ्या रंगाचा जाड थर कुठे आहे ते शोधा. नवा रंग फ्रेमच्या एकाच फूटभर भागात असेल तर तो खरवडून वेल्ड दाखवायला सांगा. मालकाने नकार दिला तर निघून या.